सुट्टी तिकडची, बहर इकडचा
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

परदेशात शिकवणाऱ्या शिक्षकांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रं या वेळी बरीच आली. सगळ्यांचा रोख एकच आहे. इतर नोकरदार हवी तेव्हा रजा टाकतात, शिक्षकाला सत्र चालू असताना हलता येत नाही. शाळेनं दिलेल्या तारखा घेऊनच यायचं, मग त्या दिवसांत सातारा-सांगलीकडचं काय नीट बघून होईल? म्हणून हे सदर पूर्ण याच विषयाला दिलं आहे. उत्तरं पर्यटकांना या भागात वर्षानुवर्षं फिरवणाऱ्या आणि प्रवासाची कागदपत्रं हाताळणाऱ्या जाणकारांकडून घेतली आहेत.

प्रश्न: मी मेलबर्नमध्ये शाळेत गणित शिकवते. सप्टेंबरअखेर दोन आठवडे सुट्टी मिळते. माहेर साताऱ्यात, आई-बाबा सत्तरी ओलांडलेले. त्यांना घेऊन कासचं फुलांचं पठार बघायचं आहे. शिवाय ठोसेघर, सज्जनगड, महाबळेश्वर, प्रतापगड, वाई सगळंच मनात आहे. हातात दहा दिवस आहेत. कसं बसवू?
— वाचक भगिनी, सातारा (सध्या मेलबर्न)

उत्तर: ताई, कासच्या दृष्टीनं तुमची सुट्टी भाग्याची आहे. इंग्लंडमधल्या शिक्षकाची उन्हाळी सुट्टी पठार फुलायला लागतं त्या सुमारास संपते आणि ऑक्टोबरची सुरू होते तेव्हा पठार वाळलेलं असतं. तुम्हाला मात्र बहराचा शेवटचा टप्पा सापडतो. शेवटचा आहे हे लक्षात ठेवून कास पहिल्या तीन दिवसांतच उरका. प्रतापगड आठ दिवसांनी तिथंच असेल, तेरडा नसेल.

बहराचा क्रम ढोबळमानानं असा असतो. ऑगस्टअखेरीला पांढरा चवर आणि गेंदाची बोंडं दिसतात. सप्टेंबरच्या मध्याला गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी आणि निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचे गालिचे एकमेकांत मिसळतात, फोटोंत दिसतं ते कास हेच. महिनाअखेरीला तेरडा ओसरतो आणि सोनकीचा पिवळा उरतो. पाऊस लांबला तर सगळंच आठवडा-दहा दिवस पुढं सरकतं. म्हणून निघण्याआधी साताऱ्यातल्या कुणालातरी 'सध्या काय फुललंय' एवढं जरूर विचारा.

बुकिंगचं नीट समजून घ्या. दिवसाला साधारण 3000 पर्यटकांनाच सोडलं जातं आणि नोंदणी ऑनलाइन होते. शनिवार-रविवार आणि 2 ऑक्टोबर आधीच भरतात. नोंदणी नसली आणि आकडा पूर्ण झाला तर गाडी तशीच परत फिरवावी लागते, आई-बाबांना घाट चढवून तो हिरमोड नको. परदेशी बँकेचं कार्ड अशा ठिकाणी अडकण्याची शक्यता असते, त्यामुळं साताऱ्यातल्या भावा-बहिणीच्या फोनवरूनच बुकिंग करा. मंगळवार-बुधवार निवडा आणि वेळ सकाळची घ्या.

सकाळचीच का, यालाही कारण आहे. मेलबर्नचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढं असतं. आल्यावर पहिले काही दिवस तुम्हाला पहाटे तीनलाच टक्क जाग येईल. ती जाग वाया घालवू नका, आठच्या आत यवतेश्वरचा घाट चढा. अंतर साधारण 25 किलोमीटर. धुकं असलं तर हेडलाइट लो बीमवर ठेवा, हाय बीमचा उजेड धुक्यावरून उलटा डोळ्यांत येतो आणि समोरचं वळण दिसत नाही.

पठारावर गेल्यावर अनेकांची निराशा होते, कारण फुलं गुडघ्याएवढी असतील अशी त्यांची कल्पना असते. बरीचशी फुलं वीत-दीड वीत उंचीची, काही तर बोटभरच असतात. जांभ्या खडकावर जेमतेम काही इंच मातीचा थर आहे, त्यात मोठं झाड रुजत नाही. सीतेच्या आसवांचं एक फूल वाकून बघा. पाकळी करंगळीच्या नखाएवढी, खाली ओल्या मातीत केसासारखे धागे आणि त्यांवर डोळ्यांना मुश्किलीनं दिसणाऱ्या पिशव्या. पाण्यातले सूक्ष्म जीव त्या पिशव्यांत ओढले जातात. मातीत नत्र फार कमी, ते ही वनस्पती अशा शिकारीतून मिळवते. एवढं एकच फूल दहा मिनिटं बघितलंत तरी कासला आल्याचं सार्थक होईल. दोरीच्या आत मात्र पाऊल टाकू नका. फोटोसाठी जिथं माणसं उभी राहतात तिथला थर दाबला जातो, पाणी मुरत नाही आणि पुढच्या वर्षी त्या जागी फूल धरत नाही. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशात गेलं, पण ते वाचवणं शेवटी आपल्या पायांवरच आहे.

आई-बाबांना रबरी तळव्याचे, पकड असलेले बूट घाला. ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं आणि चपला हमखास घसरतात. छत्री वाऱ्यात उलटते, रेनकोट बरा. गाड्या प्रवेशद्वारापासून लांब लावाव्या लागतात, तेव्हा चालण्याचा हिशेब आधीच धरा.

उरलेल्यापैकी ठोसेघर आणि सज्जनगड एका रस्त्यावर आहेत, एकाच दिवशी होतात. आधी सज्जनगड करा. पायऱ्या उन्हाच्या आत चढून होतात, समर्थांच्या समाधीचं दर्शन घेऊन दुपारच्या महाप्रसादाला थांबता येतं, मग पुढं ठोसेघर. उलट क्रमानं गेलात तर भर दुपारी पायऱ्या चढाव्या लागतील. वाई आणि मेणवलीला एक निवांत दिवस द्या. महाबळेश्वर-प्रतापगडाला एक मुक्काम हवाच. साताऱ्याहून एका दिवसात दोन्ही करायला गेलात तर वयस्कर माणसांचा दिवस गाडीतच जातो. येण्याचा दिवस धरून एवढ्यात सहा दिवस झाले. उरलेले चार रिकामे ठेवा. त्यातला एक पावसात जाईल, एक आईच्या गुडघ्यांना लागेल आणि दोन नातेवाइकांना.

प्रश्न: मुलगी इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत शिकवते. ऑक्टोबरअखेर तिला फक्त एक आठवडा सुट्टी असते. एवढ्यासाठी यावं का? आलीच तर सांगलीच्या आसपासच काय दाखवता येईल? ती गाणं शिकलेली आहे.
— वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: दोन्हीकडचे शनिवार-रविवार धरून नऊ दिवस होतात. त्यातले दोन-अडीच प्रवासात जातात, हातात साडेसहा उरतात. दिवाळी त्या आठवड्यात येत असेल तर जरूर यावं. नसेल तर नाताळच्या दोन आठवड्यांसाठी पैसे राखून ठेवणं शहाणपणाचं. आली तर मुंबईहून सांगलीचा लांबचा रस्ता तिच्या माथी मारू नका. कोल्हापूरचं विमानतळ सांगलीपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. पुण्यात उतरली तर पुणे–मिरज मार्गावरच्या वंदे भारत गाड्या सांगलीला थांबतात, फक्त वार बघून घ्या, त्या रोज नसतात. आणि तिकडून येणाऱ्याला पहिले तीन-चार दिवस सकाळी उठवत नाही, तेव्हा पहाटेचा कुठलाही बेत आठवड्याच्या शेवटी ठेवा.

गाणं शिकलेल्या मुलीला मिरज दाखवा, अर्धा दिवस नव्हे, पूर्ण दिवस. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकर घराण्यांची दुकानं आणि कारखाने एकाच भागात आहेत. नुसतं दुकान बघून परतू नका, काम चाललेलं बघायचं आहे असं सांगून आधी वेळ मागून घ्या. भोपळा वाळवलेला असतो, तो कापून, पाण्यात मऊ करून त्याचं तोंड हव्या मापाला ताणतात. दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्यावरची फळी, तुणीच्या लाकडाची. सगळ्यांत नाजूक काम जवारीचं. घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, पृष्ठभाग कानसेनं अगदी किंचित घासायचा, तार ठेवायची, छेडायची, ऐकायची, परत घासायचं. तार घोडीला कुठं आणि किती टेकते यावर तो भरलेला, गुणगुणता आवाज ठरतो. केसभर जास्त घासलं गेलं तर स्वर बंद होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे काम चालू असताना बोलू नये, कारागीर कानानं मोजत असतो.

तंबोरा घेऊन जायचा विचार असेल तर चार गोष्टी. एक, घोडी कशाची आहे ते विचारा. सांबराच्या शिंगाचा व्यापार वन्यजीव कायद्यानं बंद आहे आणि तसली वस्तू विमानतळावर जप्त होऊ शकते. कृत्रिम पदार्थाची घोडी घ्या आणि बिलावर तसं लिहून घ्या. दोन, कडक पेटी घ्याच, कापडी गवसणीत भोपळा फुटतो. तीन, विमानात देण्याआधी तारा सैल करा, पूर्ण उतरवू मात्र नका, घोडी जागची हलेल. चार, इंग्लंडमध्ये हिवाळ्यात घरं हीटरनं कोरडी होतात आणि तबलीला चीर जाते. वाद्य रेडिएटरपासून लांब ठेवायचं आणि खोलीत थोडा दमटपणा राखायचा. मोठा तंबोरा परवडत नसेल किंवा नेता येत नसेल तर सपाट, बिनभोपळ्याचा छोटा तंबोराही बनतो. त्याचा आवाज लहान असतो, पण घरच्या रियाजाला पुरतो.

दिवाळीत जाणार असाल तर लक्ष्मीपूजन ते भाऊबीज कारखाने बंद असतात, हे धरूनच दिवस ठरवा.

मिरज झाल्यावर हरिपूर. कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ तर आहेच, पण मुलीला हळदीच्या पेवांबद्दलही सांगा. हळद साठवायला जमिनीत खोल खोदलेली, वर अरुंद तोंडाची ही कोठारं. आतल्या मातीच्या गुणामुळं हळद किडीवाचून टिकायची. महापुरांत पुष्कळ पेवं बुडाली आणि वापरातून गेली. संध्याकाळ गणपती मंदिर आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर घालवा, हा पूल 1929 चा. सुट्टी नोव्हेंबरात शिरत असेल तर 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत मराठी नाटकाची सुरुवात केली, त्याची ही आठवण, आणि सांगलीत तो मनापासून साजरा होतो. नरसोबाची वाडी, औदुंबर हे तुम्ही तसंही करणारच.

प्रश्न: दुबईत शिकवतो. शाळेला जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी. मुलांना साताऱ्याचे धबधबे दाखवायचे आहेत. सोय आणि धोका दोन्ही सांगा.
— वाचक, कोरेगाव

उत्तर: धबधबे बघायला हेच दिवस, आणि माणसं दगावतात तीही याच दिवसांत. म्हणून आधी धोका.

वरच्या रानात पाऊस पडला की प्रवाह काही मिनिटांत वाढतो, तुम्ही उभे आहात तिथं थेंबही नसतो. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहत येऊ लागला की मुलांना घेऊन तत्काळ वर या, फोटो राहू द्या. ठोसेघरला बघण्यासाठी संरक्षक गॅलरी आहे, तिथूनच बघा. खाली उतरायच्या वाटा दाखवणारे भेटतील, त्यांच्या मागं जाऊ नका. कासच्या पलीकडं भांबवलीचा वजराई तीन टप्प्यांत कोसळतो, दृश्य फार देखणं, पण वाट निसरडी. पाच-सहा वर्षांच्या मुलाला तिथं नेऊ नये. जोराच्या पावसात जिल्हा प्रशासन अशा ठिकाणी मनाईचे आदेश काढतं. निघण्याच्या दिवशी सकाळी ते तपासा, आदल्या आठवड्यातली बातमी धरून चालू नका.

घाटांत आंबेनळीला दरड येते, त्यामुळं या दोन महिन्यांत महाबळेश्वरहून पोलादपूरकडं उतरायचा बेतच नको. सांगलीकडं जाणार असाल तर आयर्विन पुलाची पाणीपातळी बघायची सवय ठेवा. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 57 फुटांच्या घरात गेली होती आणि अर्धं शहर पाण्यात होतं. पातळी तिशीच्या पुढं जाऊन चढतीच असेल तर परतीचं विमान जवळ असताना नदीकाठी मुक्काम करू नका.

महाबळेश्वरला जुलैत जाणाऱ्यांचा एक ठराविक अपेक्षाभंग होतो. पॉइंटवर धुक्याशिवाय काही दिसत नाही, वेण्णा तलावात नौकाविहार बंद असतो आणि 'ताजी स्ट्रॉबेरी' म्हणून मिळते ती फ्रीजरमधली. ताज्या स्ट्रॉबेरीचे दिवस डिसेंबर ते मार्च. तरीही दुबईच्या उन्हातून आलेल्या मुलांना क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या मंदिरात उभं करा. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांचं पाणी तिथं एकत्र येतं असं मानतात. बाहेर पाऊस, आत दगडी मंडपात पाण्याचा आवाज, हे मुलं विसरत नाहीत.

प्रश्न: आम्ही दोघंही शिक्षक, सध्या सिंगापूरला. डिसेंबरअखेर येतो. पॉइंट आणि किल्ले बघून झाले. यंदा शिक्षणाशी संबंधित जागा बघायच्या आहेत, तिकडच्या वर्गात त्याबद्दल सांगता येईल अशा. साताऱ्यात असं काय आहे?
— वाचक दांपत्य, कराड

उत्तर: असा प्रश्न कुणीतरी विचारावा ही आमची फार दिवसांची इच्छा होती. शिक्षकानं बघाव्या अशा जागा सातारा जिल्ह्यात इतक्या आहेत की तीन दिवस कमीच पडतील. आणि डिसेंबर-जानेवारीइतके त्यासाठी सोयीचे दिवस नाहीत.

सुरुवात शिरवळजवळच्या नायगावपासून करा. सावित्रीबाई फुल्यांचा जन्म इथं 3 जानेवारी 1831 ला झाला. जन्मघर जतन केलं आहे, शेजारी स्मारक आहे. 3 जानेवारीला मोठा कार्यक्रम असतो, राज्यभरातून शिक्षिका आणि मुली येतात. तो सोहळा अनुभवायचा असेल तर सकाळी लवकर पोहोचा आणि गाडी लांब लावायची तयारी ठेवा. घर शांतपणे बघायचं असेल तर मात्र 3 तारीख टाळून एक-दोन दिवस आधी जा. खोल्यांची उंची, चूल, जातं, माळवद यांची मापं-टिपणं काढा. 'पहिल्या शिक्षिका' हे वाक्य परक्या मुलांना कोरडं वाटतं, 'या एवढ्याशा खोलीत वाढलेली मुलगी' असं सांगितलं की ती कान देतात.

दुसरा दिवस सातारा शहराचा. प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, तेव्हाच्या सरकारी इंग्रजी शाळेत, 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव पहिलीच्या वर्गात दाखल झालं. रजिस्टरमध्ये 1914 क्रमांकासमोर त्यांची सही आहे, 'भिवा' या नावानं. 7 नोव्हेंबर हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ही चालती शाळा आहे, प्रदर्शन नव्हे. तेव्हा मुख्याध्यापकांना आठ दिवस आधी पत्र पाठवून वेळ मागा आणि नाताळच्या सुट्टीत कार्यालय उघडं असेल ना, हे विचारून घ्या. ती सही पाहायला मिळाली तर घाई करू नका. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या रजिस्टरमधली, इतर मुलांच्या ओळींमधलीच ती एक ओळ आहे.

तिथून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या समाधीकडं. रयत शिक्षण संस्था त्यांनी 1919 मध्ये तुमच्याच कराड तालुक्यातल्या काले गावी सुरू केली. 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी शाहू बोर्डिंग काढलं, एका छताखाली, एका पंगतीत. 'कमवा आणि शिका' ही योजना आज महाविद्यालयांत कागदावर दिसते. तिचं मूळ इथं, मुलांनी स्वतः शेतात राबून शिकण्यात आहे. सिंगापूरच्या वर्गात सांगायला यासारखा विषय नाही.

तिसऱ्या दिवशी वाई आणि भिलार. वाईत प्राज्ञपाठशाळा आणि मराठी विश्वकोशाचं कार्यालय. ज्या भाषेत विश्वकोश झाला त्या भाषेचं हे कामाचं घर, पण कार्यालयीन वेळ पाळा. दुपारी पाचगणी ओलांडून भिलारला जा. 4 मे 2017 पासून हे पुस्तकांचं गाव आहे. गावकऱ्यांच्या राहत्या घरांत विषयवार पुस्तकं मांडली आहेत, एका घरी कविता, दुसऱ्या घरी संतसाहित्य, तिसऱ्या घरी बालसाहित्य. बसून वाचायचं, पैसे नाहीत. पुस्तकं विकत किंवा घरी न्यायला मिळत नाहीत. इथं लोक चूक करतात ती दहा घरं पळत बघायची. दोनच घरं निवडा आणि दोन तास बसा. चपला बाहेर काढा, बैठकीच्या खोलीत घरच्यांचा वावर असतो त्याची अडचण होऊ देऊ नका. घरं बहुधा स्ट्रॉबेरी उत्पादकांची, सकाळी ती माणसं शेतावर असतात, म्हणून दुपारचीच वेळ बरी.

वाटेत वेळ उरला तर दोन जागा. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर एका लहान देवळीत मोठी पोर्तुगीज घंटा टांगली आहे. तिच्यावर 1707 हे साल आणि बाळ येशूसह मेरीची आकृती आहे. वसईच्या 1739 च्या विजयानंतर ती इकडं आली. दुसरी, लिंब गावाजवळची बारा मोटेची विहीर, साताऱ्याच्या छत्रपती शाहूंच्या घराण्यातल्या वीरूबाई यांनी शके 1641 ते 1646, म्हणजे 1719 ते 1724 मध्ये बांधून घेतलेली. वरून अष्टकोनी, आत पायऱ्या उतरून गेलं की पाण्यावर चक्क महाल. मोटा जोडण्याच्या दगडी जागा स्वतः मोजून बघा. कठडे सगळीकडं नाहीत, काठावर जपून. हमरस्त्यापासून फार आत नाही, तासाभरात होते.

चौथा दिवस हाताशी असेल आणि पाय धड असतील तर बामणोलीहून वासोटा. होडीनं शिवसागर जलाशय ओलांडायचा, वनखात्याची परवानगी बामणोलीतच घ्यायची, संध्याकाळच्या आत परत यायचं, गडावर मुक्काम चालत नाही. पहिली होडी धरली तरच दिवस पुरतो.

प्रश्न: इंग्लंडहून माझी सहकारी शिक्षिका, ब्रिटिश नागरिक, माझ्याबरोबर येणार आहे. साताऱ्यात आमच्या घरीच राहील. काही सरकारी नोंद लागते का?
— वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर: लागते, आणि घरी पाहुणा म्हणून ठेवताना बहुतेकांना हे ठाऊक नसतं. परदेशी नागरिक हॉटेलात उतरला तर हॉटेल त्याच्या राहण्याची नोंद देणारा, 'सी फॉर्म' म्हणून ओळखला जाणारा फॉर्म भरतं. घरी उतरला तर ती जबाबदारी घरमालकाची. आल्यापासून 24 तासांत ऑनलाइन भरायचा. पासपोर्ट आणि व्हिसाचा तपशील, फोटो, घराचा पत्ता, येण्या-जाण्याच्या तारखा लागतात. पहिल्यांदा भरताना घरमालकाची स्वतःची नोंदणी आधी करावी लागते आणि ती मंजूर व्हायला वेळ जातो, म्हणून पाहुणी यायच्या पंधरवडाभर आधी ते काम करून ठेवा. अडचण आली तर जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या परकीय नागरिक नोंदणी विभागात विचारा. मध्ये दोन दिवस महाबळेश्वरला हॉटेलात गेलात तर तिथं नवा फॉर्म भरला जातो, मूळ पासपोर्ट सोबत हवा. घर दुसऱ्या नातेवाइकाच्या नावावर असेल तर फॉर्म त्यांच्या नावानं, तुमच्या नव्हे.

व्हिसासाठी ई-टुरिस्ट व्हिसा पुरतो. नियमानं किमान 4 दिवस आधी अर्ज चालतो, प्रत्यक्षात तीन आठवडे आधी करा, फोटोच्या मापावरून अर्ज परत येतात. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी आणि दुप्पट पैसे घेणारी खासगी संकेतस्थळं पुष्कळ आहेत, पत्ता नीट वाचा. पासपोर्टची मुदत सहा महिने आणि दोन कोरी पानं हवीत. तिला एखादी शाळा बघायची असेल तर हरकत नाही, पण या व्हिसावर मोबदला घेऊन शिकवणं चालत नाही. मुलांचे फोटो काढण्याआधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. तिच्या देशात हा नियम कडक आहे, तिला ते पटेलही.

आणि गडावर चढताना तिच्यासाठी पाण्याची बाटली जास्तीची ठेवा. आपल्याकडच्या उन्हाची तिला कल्पना नसते.

प्रश्न: शाळेतल्या सहकाऱ्यांसाठी कंदी पेढे आणि सांगलीचे बेदाणे न्यायचे आहेत. विमानतळावर अडवतात का?
— वाचक, तासगाव

उत्तर: देशावर अवलंबून आहे. इंग्लंडमध्ये भारतातून येताना दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे, त्यामुळं कंदी पेढे, बासुंदी वडी, खवा हे नेऊ नये, तिथं काढून घेतात. ऑस्ट्रेलियात तर याहून कडक. तिथं खाण्याची प्रत्येक वस्तू, हळद-मसालासुद्धा, येणाऱ्यांच्या कार्डावर जाहीर करावीच लागते. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड होतो, आणि शिक्षकाच्या व्हिसावर त्याची सावली नको.

बेदाणे आणि हळद न्यायचीच तर कंपनीनं सीलबंद केलेली, घटक आणि उत्पादन तारीख छापलेली पाकिटं घ्या. घरच्या डब्यातली किंवा सौद्यातून आणलेली सुटी नेऊ नका. तासगावचे बेदाणे घरचेच असतील तर ते इथंच खाऊन जा. पाकिटावर हिरवा की पिवळा हे बघा. हिरवट बेदाणा सावलीत शेडमध्ये वाळवलेला असतो. मऊ पण हाताला न चिकटणारा, देठ काढलेला घ्या. चिकटणारा माल ओलसर राहिलेला असतो आणि बंद पाकिटात महिन्याभरात साखर धरतो.

कंदी पेढ्यांचं म्हणाल, तर ज्या देशात चालतात तिथंही निघण्याच्या दिवशी सकाळीच घ्या. साखर बेताची आणि खवा खरपूस भाजलेला असल्यानं ते इतर पेढ्यांपेक्षा टिकतात, पण गरम असताना डब्यात भरले तर आत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी वास येतो. पूर्ण निवू द्या, कागदावर एकच थर लावा, डबा हातातल्या बॅगेत ठेवा.